आपले काय काम तिथे?

काही वाक्ये अशी असतात की बोलणारा ती बोलून विसरून जातो. ऐकणारा मात्र ती वर्षानुवर्षे मनात बाळगून असतो. असेच एक वाक्य मी माझ्या पुतण्याला बोलून गेलो होतो. त्याचा हिशेब दोन वर्षांनी, मे महिन्यातील एका पावसाळी रात्री चुकता झाला. तो चुकता करण्यास जर्मनीतील एक फुटबॉलचा सामना कारणीभूत ठरावा, हे मला आजही नवलाचे वाटते. म्हणूनच ही हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे विंचूर निफाड तालुक्यात, नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड आणि येवले यांच्या दरम्यान आहे. गाव तसे इतिहासातले. पानिपतच्या रणात उतरलेले पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांना विंचूरकर हे नाव याच गावावरून मिळाले. परंतु पुण्यातील विंचूरकर वाड्यापुढे उभा राहणारा मनुष्य तिथे काही काळ राहिलेल्या लोकमान्यांचे स्मरण करतो. विंचूर कुठे आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. कांद्याचेही तसेच. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात भरतो, आमच्या शिवारातील कांदा ट्रकांत भरून देशभर जातो. परंतु बाहेरच्या जगाच्या दृष्टीने तो सारा लासलगावचा कांदा! आम्हांला त्याचे वैषम्य वाटत नाही. आपले नाव कोणाला ठाऊक नाही, हे लहान गावातील माणसे लहानपणीच शिकतात, आणि एकदा शिकले की आपल्या मुलांनाही शिकवतात.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा विभागाने जर्मनीतील बायर्न म्युनिक या विख्यात क्लबाच्या सहकार्याने चौदा वर्षांखालील मुलांसाठी फुटबॉलची स्पर्धा भरवली. 'एफसी बायर्न महाराष्ट्र चषक' असे तिचे नाव. जिल्ह्याजिल्ह्यांतून सामने व्हायचे, अखेरचा टप्पा पुण्याच्या बालेवाडीत, आणि त्यातून निवडलेल्या २० मुलांना प्रशिक्षणासाठी थेट म्युनिकला जाण्याची संधी! माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी नाशिकला जाणार, असे ठरताच पोराची झोप उडाली. पंधरा दिवस तो पहाटे उठून शेताच्या बांधावरून धावत होता. बूट एका मावसभावाचे आणले होते. ते सैल होत म्हणून पुढे कापूस कोंबला होता. 'म्युनिकला बर्फ असतो का, नाना?' असे तो मला विचारी.

मी त्यांच्याबरोबर नाशिकला गेलो. पहिलाच सामना, समोर शहरातील कसलेला संघ. आमची पोरे सात गोलांनी हरली. तासाभरात सारे आटोपले. परतीच्या बसमध्ये पुतण्या माझ्या शेजारी बसला होता. चांदोरी गेले, निफाड गेले, तरी तो एक शब्द बोलेना. त्याचे सांत्वन करावे, या हेतूने मी म्हणालो, "अरे, म्युनिक कुठे आणि विंचूर कुठे! आपलं काय काम तिथे?"

माझा हेतू वाईट नव्हता. दुःखाला थोडे हसण्यावारी न्यावे, एवढेच मनात होते. त्याने माझ्याकडे पाहिले, बूट काढून पिशवीत ठेवले आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्यानंतर त्याने मला फुटबॉलविषयी काहीही विचारले नाही. पोर वयात येत आहे, म्हणून अबोल झाले असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली.

वास्तविक मलाही या खेळाचे वेड होते. तरुणपणी मी मुंबईत एका छापखान्यात नोकरीला होतो. रोव्हर्स चषकाच्या सामन्यांचे दिवस आले की काम संपताच कूपरेजच्या मैदानाकडे धाव घ्यायची, हा आम्हा चार-पाच मित्रांचा नेम. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, गोव्याचे डेंपो आणि साळगावकर हे संघ तिथे डोळे भरून पाहिले. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबादच्या पोलिसांच्या संघाने तो चषक जिंकला होता, अशा गोष्टी मैदानावरील वृद्ध मंडळी रंगवून सांगत. नवे शतक उगवता उगवता तो चषक बंद पडला. मी गावी परतलो. इतकी वर्षे मैदानाच्या कडेला उभे राहून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती: चषक हे मोठ्या शहरांसाठी असतात; आपण तिकीट काढून पाहायचे. त्या दिवशी बसमध्ये मी पुतण्याच्या हाती ठेवले ते हेच तिकीट.

२०२५ च्या मे महिन्यात मात्र तो एकदा आपण होऊन माझ्याकडे आला. चौदावे सरत होते, ओठांवर मिसरुडाची रेघ उमटू लागली होती. म्हणाला, "नाना, शनिवारी रात्री जर्मन कपची फायनल आहे. माझ्या मोबाइलचा डेटा पुरणार नाही. तुमच्या मोबाइलवर पाहू का?" इतक्या दिवसांनी दार किलकिले झाले होते. मी होकार दिला. नुसता होकार देऊन थांबलो नाही, तर मलाही बसू दे म्हणालो. मग पुढील आठवडाभर तो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला तयारी करून देऊ लागला. विद्यार्थी मी आणि शिक्षक तो!

त्याच्याकडून मला कळले ते असे. ही जर्मन चषकस्पर्धा १९३५ साली सुरू झाली. महायुद्धात ती खंडित झाली, आणि १९५२-५३ च्या हंगामापासून पुन्हा भरू लागली. १९८५ पासून तिचा अंतिम सामना दरवर्षी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये होतो. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले हे स्टेडियम. त्याच क्रीडासंकुलात ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, ही भर मात्र मी घातली, आणि शिक्षकाने ती मान्य केली. सोन्याचा मुलामा दिलेला तो चषक ५२ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ पावणेसहा किलो वजनाचा आहे. बायर्न म्युनिकने २०२० पर्यंत तो वीस वेळा नेला.

"पण या वर्षी बायर्न नाही," पुतण्या म्हणाला. "या वर्षी बीलेफेल्ड आहे."

बीलेफेल्ड हे नाव मी प्रथमच ऐकत होतो. लिननच्या विणकामावर वाढलेले ते जर्मनीतील एक शहर. जसे आपले येवले पैठणीचे, तसे ते लिननचे. तिथल्या क्लबाचे नाव आर्मिनिया. स्थापना १९०५ ची. रोमन सैन्याला ज्याने धूळ चारली त्या आर्मिनियस नावाच्या सरदारावरून ते नाव ठेवले आहे. परंतु सरदाराचे नाव लावून लौकिक मिळतोच असे नाही, हे आम्हा विंचूरकरांना कोणी सांगायला नको. या शहराविषयी तर जर्मनीत एक थट्टाच रूढ आहे. 'बीलेफेल्ड नावाचे शहर अस्तित्वातच नाही', अशी अफवा १९९४ साली एका विद्यार्थ्याने गमतीने उठवली. ती इतकी पसरली की २०१९ साली नगरपालिकेने, 'आमचे शहर नाही असे जो सिद्ध करील त्यास दहा लाख युरो देऊ', असे जाहीर केले. बक्षीस अर्थातच कोणाला मिळाले नाही. ही गोष्ट सांगताना पुतण्या कधी नव्हे तो खळखळून हसला. "म्हणजे आपल्यासारखंच, नाना. आपल्याला तरी कोण ओळखतं?"

हा संघ २०२२ साली पहिल्या श्रेणीतून घसरला, २०२३ साली दुसऱ्या श्रेणीतूनही घसरला आणि तिसरीत येऊन पडला. आणि तिसऱ्या श्रेणीतील हा संघ आता बर्लिनला अंतिम सामना खेळणार होता. याआधी तिसऱ्या श्रेणीतील संघांनी ही मजल तीनदाच मारली होती: १९९३ साली हेर्टा बर्लिनचा हौशी खेळाडूंचा संघ, १९९७ साली कॉटबुस आणि २००१ साली युनियन बर्लिन. तिघेही अंतिम सामन्यात हरले होते.

"हे असं घडतंच कसं?" मी विचारले. कूपरेजच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्यातील जुन्या माणसाला ते पटत नव्हते.

तेव्हा त्याने मला त्या स्पर्धेचा नियम समजावून सांगितला. पहिल्या फेरीत ६४ संघ असतात. वरच्या दोन श्रेणींतील ३६ संघ, तिसऱ्या श्रेणीतील पहिले चार, आणि उरलेले २४ प्रांतोप्रांतीच्या लहान चषकांतून वर आलेले. त्यांत अगदी गावखेड्यांचे क्लबही असू शकतात. एक हरला की बाहेर. दुसरी संधी नाही. आणि मग तो थांबला. पुढचे वाक्य त्याने असे उच्चारले की जणू ते त्याने बराच काळ जपून ठेवले असावे.

"वरच्या दोन श्रेणींतला मोठा संघ आणि त्यांच्या खालच्या श्रेणीतला लहान संघ समोरासमोर आले ना, नाना, तर सामना लहानाच्या मैदानावर होतो. मोठ्यानं त्याच्या गावी यायचं. तसा नियमच आहे."

मी गप्प राहिलो. बीलेफेल्डच्या मैदानाला तिथले लोक 'आल्म' म्हणतात, म्हणजे डोंगरावरचे कुरण. त्या कुरणावर दुसऱ्या श्रेणीतील हॅनोव्हर येऊन हरला. मग पहिल्या श्रेणीतील युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, ब्रेमेन हे एकेक करून आले आणि हरून गेले. शेवटी उपांत्य फेरीत आला लेव्हरकुसेन, आदल्या वर्षी हाच चषक जिंकणारा. तोही २-१ असा हरला. पाचही सामने घरच्या मैदानावर! आमच्या पोरांना पहिल्याच सामन्यासाठी पहाटेच्या बसने नाशिकला जावे लागले होते, ते मला आठवले. कदाचित तो सामना विंचूरला झाला असता तरी आम्ही हरलोच असतो. पण 'आपले काय काम तिथे' असे म्हणण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

२४ मेची ती रात्र. त्या वर्षी मे महिन्यात पावसाने नाशिक जिल्ह्यात जणू ठाणच मांडले होते. उन्हाळ कांद्याची काढणी झालेली. आमचा निम्मा कांदा चाळीत गेला होता, निम्मा अजून मळ्यात पोळ घालून ठेवलेला. भाऊ रोज आभाळाकडे पाहून जेवत होता. दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सासाठी आम्हाला सकाळी लवकर गाव सोडावे लागते. म्हणून घरातील मंडळी नऊलाच निजली. आम्ही दोघे ओसरीवर बसलो. सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेअकराला सुरू झाला. त्या इवल्याशा पडद्यावर सुमारे ७४ हजार माणसांनी भरलेले स्टेडियम मावत नव्हते. अर्धी बाजू काळ्या, पांढऱ्या आणि निळ्या रंगाने उसळत होती. 'अस्तित्वात नसलेल्या' गावाची इतकी माणसे!

समोर स्टुटगार्ट होता, पहिल्या श्रेणीतील, तीनदा हा चषक जिंकलेला. आरंभी बीलेफेल्डला अगदी जवळून संधी मिळाली, पण चेंडू आडव्या दांड्यावर आदळून परत आला. पुतण्याने कपाळाला हात लावला. त्यानंतर १५ व्या, २२ व्या आणि २८ व्या मिनिटाला असे तीन गोल बीलेफेल्डवर झाले. ६६ व्या मिनिटाला चौथा झाला. मला नाशिकचे मैदान आठवले. पोराचे तोंड पाहवेना.

"झालं आता," मी म्हणालो. "बंद कर, सकाळी उठायचं आहे."

"शिट्टी कुठे झालीये अजून?" तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला.

एवढ्यात आभाळ कडाडले आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजू लागले. आतून भाऊ धावत बाहेर आला. "दादा, पोळ!" एवढेच तो म्हणाला. मी पुतण्याला हाक मारणार तोच तो उठून उभा राहिला होता. मोबाइल त्याने माझ्या हातात दिला, ताडपत्रीचे बोचके खांद्यावर घेतले आणि बापाच्या मागोमाग अंधारात धावला. मी कंदिलासारखी बॅटरी धरून मागे. वारा असा की एक टोक दाबावे तर दुसरे उडे. भावजयही साडी खोचून आली. दगड, माती, जुनी टायरे, जे हाती लागले ते कडेवर रचले. मधल्या भागातील ताडपत्री फाटली तेव्हा पुतण्या त्या भोकावर रिकाम्या गोण्या अंथरून स्वतः पालथा पडून राहिला, आणि भाऊ दुसरी ताडपत्री घेऊन येईपर्यंत हलला नाही. अर्ध्या तासाच्या त्या झुंजीत मला सामन्याची आठवणही झाली नाही.

घरी परतलो तेव्हा चौघेही चिंब भिजलो होतो. पोळीचा एक तृतीयांश भाग भिजलाच, बाकी वाचला. भाऊ भिंतीला टेकून म्हणाला, "एवढं राहिलं, पुष्कळ झालं." पुतण्याने हात पुसले आणि माझ्याकडे पाहिले. मी मोबाइल पुढे केला. सामना संपला होता. पडद्यावर आकडे होते: ४-२.

आम्ही नसताना, ८२ व्या मिनिटाला बीलेफेल्डच्या खेळाडूने एक गोल केला होता, आणि ८५ व्या मिनिटाला त्यांच्या रेट्याने गोंधळून स्टुटगार्टच्या खेळाडूने चेंडू आपल्याच जाळ्यात घातला होता. चषक स्टुटगार्टचाच झाला, तो त्यांचा चौथा. परंतु हरलेल्यांची ती काळी-पांढरी-निळी बाजू जागची हलली नव्हती. माणसे उभी राहून गात होती, आणि त्यांचे खेळाडू त्यांच्यापुढे उभे होते. आम्ही ते गोल पुन्हा पुन्हा पाहिले.

"नाना," पुतण्या हळूच म्हणाला, "आपण बघत नव्हतो, तरी ते खेळत होते."

वाचकहो, त्या क्षणी दोन वर्षांपूर्वीची ती बस माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. चार गोल झाल्यावर 'बंद कर' म्हणणारा मीच होतो, आणि सात गोल झाल्यावर 'आपले काय काम' म्हणणाराही मीच. त्याला मात्र दोन्ही वेळा शिट्टीपर्यंत थांबायचे होते. कांद्याच्या पोळीवर तो ज्या जिद्दीने पालथा पडला, ती जिद्द मला त्याच्यात मैदानावर दिसली नव्हती, कारण मी तिथे फक्त गोल मोजत होतो.

सकाळी मिस्साला जाताना गाडीत तो माझ्या शेजारी बसला. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या दुतर्फा द्राक्षबागांतून पाणी ठिबकत होते. मी म्हणालो, "त्या दिवशी बसमध्ये मी तुला एक बोललो होतो. चुकलो." वडीलधाऱ्याने लहानाची क्षमा मागण्याचा आमच्या घरात फारसा प्रघात नाही. त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने विचारले, "तुम्हाला आठवतं ते?" मी हो म्हणालो. निफाड येईपर्यंत दोघेही गप्प होतो, पण ते मौन वेगळे होते.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. पावसाळा सरल्यावर चाळीमागच्या पडीक रानातील बाभळीची झुडपे आम्ही काढली. गोलासाठी बांबू रोवले. जाळ्या कुठल्या, तर द्राक्षबागेवर पाखरांसाठी लावतात त्या जुन्या जाळ्या शेजाऱ्यांकडून मागून आणल्या. भावजयीने सुई-दोऱ्याने त्यांची भोके शिवली. रेषा फक्कीने आखल्या. त्या सरळ याव्यात म्हणून भावाने पेरणीचा दोर ताणून धरला. मग मी नाशिकच्या एका धर्मग्रामातील तरुणांच्या संघाला पत्र लिहिले. पत्रात स्पष्ट लिहिले की आम्ही तुमच्याहून पुष्कळ लहान आहोत, म्हणून तुम्हीच आमच्याकडे यावे. मनात धाकधूक होती. पण नाताळापूर्वीच्या एका रविवारी दुपारी एक टेम्पो गावात शिरला आणि त्यातून चौदा मुले उतरली. विंचूर नेमके कुठे, हे विचारीत विचारीत ती आली होती.

सामना आम्ही ५-१ असा हरलो. तो एक गोल पुतण्याने केला नाही. त्याने चेंडू पुढे दिला आणि गावातील दुसऱ्याच एका मुलाने तो जाळ्यात घातला. बांधावर बसलेल्या बायकापोरांनी, टेम्पोवाल्याने, इतकेच काय, पाहुण्या संघाच्या फादरांनीही टाळ्या वाजवल्या. नंतर सर्वांनी मिळून पिठले-भाकरी खाल्ली. निघताना पाहुण्यांचा कप्तान पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही या नाशिकला."

पुतण्याने बुटांवरची फक्की झटकली. बूट आता त्याच्या मापाचे होते.

"नाही," तो हसून म्हणाला. "आम्ही मोठे होईपर्यंत तुम्हीच यायचं. तसा नियमच आहे."